मेद, लोह आणि ‘विश्वसनीय’ हे विशेषण

यकृतातील मेद व लोह यांचे एमआरआयद्वारे मापन करणाऱ्या संशोधनलेखांत ‘विश्वसनीय’ हे विशेषण मोठ्या सढळपणे योजिले जाते. निरनिराळ्या यंत्रांवरील मापने परस्परांशी जुळतात काय, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा खरा. परंतु ‘जुळणे’ म्हणजे काय, हा प्रश्न अर्थविचाराचा आहे, आणि तेवढ्यापुरता भाषेच्या अभ्यासकाचा त्यावर अधिकार पोहोचतो.

पाणी व मेद यांतील प्रोटॉनांच्या संकेतांत वारंवारतेचा अल्प भेद असतो. त्यावरून दोहोंना विलग करण्याची युक्ती डिक्सन यांनी १९८४ साली मांडली. तिच्याच सुधारलेल्या रूपांतून ‘प्रोटॉन-घनता मेदांश’ ही राशी सिद्ध झाली. ती गुणोत्तररूप असल्यामुळे १.५ व ३ टेस्ला या दोन्ही चुंबकक्षेत्रांत तिचे मूल्य तेच यावे, अशी अपेक्षा असते. लोहाची गोष्ट निराळी. ते ‘आर टू स्टार’ या क्षयवेगावरून मोजतात, आणि लोहामुळे येणारा हा वेग ३ टेस्लावर १.५ टेस्लाच्या जवळजवळ दुप्पट असतो. मेदांश विशेषनामासारखा म्हटला, तर आर टू स्टार हा ‘येथे’, ‘काल’ अशा शब्दांच्या जातीचा होय. बोलणारा कोठे उभा आहे हे कळल्यावाचून त्यास अर्थ नाही. याच वेगाचा व्यस्त जो टी टू स्टार, त्याची हृदयातील लोहसंचयासाठी रूढ झालेली २० मिलिसेकंदांची मर्यादा १.५ टेस्लावर ठरलेली आहे. ती ३ टेस्लाच्या अहवालास तशीच लावली, तर नसलेला लोहसंचय आहे असे ठरण्याचा धोका उघड आहे.

याहून मोठी गफलत सहसंबंध आणि मेळ यांच्या संकरातून होते. दोन परीक्षकांपैकी एकाने प्रत्येक विद्यार्थ्यास दहा गुण अधिक दिले, तर दोघांच्या गुणांतील सहसंबंध पूर्ण राहील; उत्तीर्णांची यादी मात्र एक राहणार नाही. ब्लँड व ऑल्टमन यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हाच भेद स्पष्ट केला. शिवाय अल्पमेदी व अतिमेदी अशी दूरदूरची माणसे एकाच नमुन्यात घेतली की सहसंबंधाचा आकडा आपोआप फुगतो. इतके असूनही त्या आकड्यावर ‘विश्वसनीयता’ सिद्ध मानणारे लेख निघतातच.

या पार्श्वभूमीवर योकू आदींचे २०१८ चे संकलन प्रामाणिक वाटते. मेदांशाच्या मापनात एकांगी कल अत्यल्प असल्याचे त्यांना आढळले. तेथेच न थांबता, त्याच परिस्थितीत पुन्हा मोजल्यास ९५ टक्के वेळा जो फरक ओलांडला जात नाही तो २.९९ टक्के-बिंदू, आणि परिस्थिती बदलल्यास ४.१२ टक्के-बिंदू, असे दोन निरनिराळे आकडे त्यांनी दिले. ‘पुनरावृत्ती’ व ‘पुनरुत्पादन’ या दोन संज्ञा पर्यायी म्हणून वापरणाऱ्यांनी हे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

आता औषधचाचण्यांकडे वळू. मेदांशात सापेक्ष ३० टक्के घट हा तेथे प्रतिसादाचा एक प्रचलित निकष आहे. येथे ‘टक्के’ हा शब्द निराळ्या अर्थाने आला आहे. मेदांश १० वरून ७ झाला, तर निकष पुरा झाला. पण घट केवळ ३ बिंदूंची, म्हणजे एकाच यंत्रावरील चढउताराएवढीच, आणि यंत्र बदलले असल्यास मर्यादेच्या आतलीच. २० वरून १४ झाला, तर ती दोन्ही मर्यादा ओलांडते. मोठ्या गटाची सरासरी काढताना ही उणीव पुष्कळशी भरून निघते. समोर बसलेल्या एका रुग्णाच्या बाबतीत ती भरून निघत नाही.

यंत्रांची तुलना करण्यासाठी तेल व पाणी यांच्या मिश्रणांनी भरलेल्या कुप्या फिरविण्याची प्रथा उपयुक्त आहे. मात्र पाण्याची वारंवारता तापमानानुसार सरकते, आणि कुपी असते खोलीच्या तापमानास, यकृत ३७ अंशांस. गणिती प्रतिमान देहाच्या तापमानास जुळवलेले असेल, तर कुपीत आलेला दोष यंत्राचा की तापमानाचा, हे आधी ठरवावे लागते. शिवाय कुपी श्वास घेत नाही.