उत्तेजक द्रव्ये आणि ग्लुटामेट ग्राही : प्राणिप्रयोगांची चिकित्सा

दरवर्षी २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनानिमित्त महाविद्यालयांत होणाऱ्या व्याख्यानांतून व्यसनाचे स्पष्टीकरण बहुधा 'डोपामिन म्हणजे सुख' या एका सूत्रात दिले जाते. हे सूत्र अपुरे असून त्यामुळे व्यसनी विद्यार्थ्यावर सुखलोलुपतेचा शिक्का मारणे सोपे होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ग्लुटामेट हे मेंदूतील प्रमुख उत्तेजक संदेशवाहक होय. चेतापेशींवरील ज्या ग्राहींवर ते कार्य करते, त्यांचा अध्ययन व स्मृतीशी निकटचा संबंध आहे. कोकेन किंवा ॲम्फेटामिन वारंवार दिल्यास उंदरांचा प्रतिसाद उत्तरोत्तर तीव्र होतो. एमके-८०१ या द्रव्याने एनएमडीए ग्राही रोखल्यास ही वाढ थांबते, असे कार्लर व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखविले. क्यामुलेरा व सहकाऱ्यांचा २००१ मधील प्रयोग अधिक बोलका आहे. एमग्लूआर-५ हा ग्राही नसलेल्या उंदरांत कोकेनमुळे डोपामिन नेहमीप्रमाणे वाढले. तरीही ते स्वतःहून कोकेन घेईनात. केवळ डोपामिनवर भिस्त ठेवणाऱ्या मांडणीस येथे छेद जातो. व्यसन हा केवळ सुखाचा नव्हे, तर मेंदूने पक्क्या केलेल्या धड्याचाही प्रश्न ठरतो.

तथापि, या संशोधनाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. एमके-८०१ स्वतःच उंदरांची हालचाल वाढविते व अध्ययनात अडथळा आणते. त्यामुळे त्याच्या परिणामाचा नेमका अर्थ लावणे कठीण होते. दुसरे असे की, यातील बहुतांश प्रयोग कोकेनवरील आहेत. महाराष्ट्रापुढील प्रश्न मात्र मुख्यतः मेफेड्रोनचा आहे. २०१५ मध्ये ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. तरीही २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे त्याचा प्रचंड साठा पकडला गेला. तिसरे, ग्लुटामेटचे संतुलन साधणारे एन-ॲसिटिलसिस्टीन उंदरांत आशादायक ठरले. परंतु कोकेनग्रस्त माणसांवरील २०१३ मधील चाचणीत एकंदर सेवन घटले नाही. पिंजऱ्यातील उंदरास बेकारी नसते, संगत नसते आणि घरी परतण्याची लाजही नसते.

या मर्यादा मान्य करूनही एक बोध उरतो. कोकेन बंद केल्यानंतर काही आठवड्यांनी उंदरांची ओढ कमी न होता वाढते आणि त्यामागे ॲम्पा ग्राहींतील बदल असतात, हे २००८ मधील संशोधनातून दिसून आले. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तांगण'ने उपचारानंतरच्या पाठपुराव्यास दिलेले महत्त्व या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव हजेरीपटावरून एकदा कमी झाले, की त्याच्या शिक्षणाची वाट बहुधा कायमची बंद होते. म्हणून व्यसन सोडून वर्गात परतलेला विद्यार्थी पुन्हा घसरल्यास त्याचे नाव कमी करण्यापेक्षा त्याचा पाठपुरावा करणे, हेच शास्त्रास व शिक्षकधर्मास अधिक धरून होईल.