जंगलातलं गावकूस

सिंह राजा, हत्ती थोर, हरीण बिचारं आणि तरस हलकट. आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांवरचा कुठलाही जुना अनुबोधपट घ्या, थोड्याच वेळात ही उतरंड लागलेली असते. डिस्नेच्या १९५५ च्या पटाचं तर नावच 'द आफ्रिकन लायन'. पडद्यामागून साहेबी आवाज बोलतो आणि तो बोलेल तो निसर्गाचा नियम. दोस्तांनो, हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडं तो पोथीतनं येतो.

तरसाचंच बघा. दुसऱ्याची शिकार चोरणारं, मेलेलं फाडणारं, भेकड — हे त्याचं जातीचं सर्टिफिकेट. १९६० च्या दशकात हान्स क्रूक नावाचा डच शास्त्रज्ञ टांझानियातल्या सेरेंगेटीत आणि न्गोरोंगोरोच्या खोऱ्यात रात्र रात्र गाडी घेऊन तरसांमागं फिरला. काय दिसलं? ठिपक्यांची तरसं बहुतेक अन्न स्वतः मारून मिळवतात. न्गोरोंगोरोत तर रात्री तरसं मारायची आणि सिंह आयते येऊन बळकवायचे. सकाळी माणसं पोचली की सिंह जेवतोय, तरसं भोवती ताटकळलेली. झाला राजा, झाले चोर! रातपाळी करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. क्रूकचं पुस्तक १९७२ ला आलं, तरी निवेदकांची जीभ पुढं कित्येक वर्षं वळली नाही.

माणसाला जनावराशी जोडतोय असं कुणी म्हणू नये. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला सांगितलं, कारण ते आपल्यावर लादलेलं होतं. जो मेलेलं खातो तो जन्मानंच नीच, ही अक्कल माणसाच्या गावातली. ती रानावर चिकटवली निवेदकानं.

आणि उतरंड आली की वेस आलीच. बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्याचा पोरगा मिखाएल यांचा 'सेरेंगेटी मरता कामा नये' हा जर्मन पट १९५९ चा, १९६० ला ऑस्कर मिळालेला. पट कच्चा नाही. झेब्र्याचे पट्टे रंगवलेल्या विमानातून बापलेक जनावरं मोजतात. खालून धावणारे कळप बघून छाती भरून येते. चोरट्या शिकाऱ्यांचे तारेचे फासही खरे आहेत. जानेवारी १९५९ मध्ये विमान गिधाडाला धडकून पोरगा गेला, त्याचं दुःखही खरं. पण ग्झिमेकचं म्हणणं काय? राष्ट्रीय उद्यानात माणूस नको, तिथला मूळचासुद्धा नको. म्हणजे मसाई नकोत. गुरं राखणारा समाज, रानातली जनावरं मारून खायची त्यांच्यात रीत नाही. कळप टिकले ते त्यांच्याच शेजारात. १९२० च्या दशकात तिथं सिंहांची कत्तल केली ती बंदूकवाल्या साहेबांनी, आणि गुन्हेगार ठरली मसाईची गाय! त्याच १९५९ साली इंग्रज सरकारनं मसाईंना सेरेंगेटीतून काढून न्गोरोंगोरोकडं घातलं. ज्या मोकळ्या रानावर आपण पडद्यासमोर हरखतो, ते मोकळं केलेलं आहे. हे सांगायला त्या आवाजाला सवड नसते. आपल्याकडं मेळघाटात कोरकूंची गावं उठवली. वाघाच्या पटात ती गावं कितींनी दाखवली?

इंग्रज गेला, टांझानिया स्वतंत्र झाला. जून २०२२ मध्ये सेरेंगेटीलगतच्या लोलिओंडोत सरकारनं सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर जमिनीच्या हद्दीला खांब रोवले, विरोध करणाऱ्या मसाईंवर गोळ्या चालल्या. त्या जखमांची चित्रं मसाईंनीच काढली, हातातल्या मोबाईलवर. हलती, धुरकट, निवेदकाशिवाय. मला ती ग्झिमेकच्या विमानापेक्षा जास्त दाखवतात.