दुर्मिळ म्हणजे महत्त्वाचं नव्हे : ‘व्हेल्वेट टिनमाइन’ आणि नमुना निवडीचा प्रश्न

नमुना निवड हा विषय संशोधन पद्धतीच्या पुस्तकात फार कोरडा वाटतो. म्हणून आज एक वेगळं उदाहरण घेऊ : १९७०च्या दशकातल्या ब्रिटिश ग्लॅम रॉकच्या सिंगल्स, म्हणजे सात इंची, ४५ आरपीएमच्या छोट्या तबकड्या, आणि त्या जमवणारे संग्राहक.

टी. रेक्सचं ‘हॉट लव्ह’ १९७१ साली सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. स्लेडचं ‘कम ऑन फील द नॉइझ’ १९७३ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावरच आलं. या तबकड्या इतक्या खपल्या, की आजही सहज आणि स्वस्तात मिळतात. संग्राहक जास्त पैसे मोजतात ते न खपलेल्या तबकड्यांसाठी. त्या जुन्या सामानाच्या दुकानांत सापडायच्या, म्हणून पुढे अशा गाण्यांना ‘जंक शॉप ग्लॅम’ म्हणू लागले. थोडक्यात, हा प्रकार त्या काळाचा नाही. तो नंतर जमवणाऱ्यांनी घडवला.

आरपीएम रेकॉर्ड्सने २००३ साली काढलेला ‘व्हेल्वेट टिनमाइन’ हा अशा वीस गाण्यांचा संच. त्याचं मोल मी नाकारत नाही. ग्लॅमचा इतिहास म्हणजे बोवी आणि बोलन, हा समज तो मोडून काढतो. आयर्न व्हर्जिन या स्कॉटिश बँडचं ‘रेबेल्स रूल’ (१९७४) ऐका : धपाधप ड्रम्स आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं ध्रुवपद. यशाचा साचा सापडल्यावर रेकॉर्ड कंपन्या त्यामागे कशा धावल्या, हे अशा फसलेल्या प्रयत्नांतच नीट दिसतं. ब्रेट स्मायलीची सिंगल १९७४ मध्ये आली, पण त्याचा अल्बम २००३ पर्यंत पडून राहिला. यशस्वी लोकांच्या इतिहासात अशा गोष्टींना जागा नसते.

मग अडचण कुठे आहे? संचाच्या उपशीर्षकातच ‘रेव्हर्स’ हा शब्द आहे, म्हणजे दणदणीत गाणी. संथ, रडवी गाणी आणि बी-साइडवरचा भरणा निवडीतच मागे पडतो. उरलेलं ऐकून आपण म्हणतो, “अरे, हे तर पंकच्या आधीचं पंक!” पण हा निष्कर्ष गाण्यांतून निघाला, की निवडीतून? पंक ऐकून तयार झालेल्या कानांनी निवड केली, तर पंकचे पूर्वज सापडणारच. आरशात बघून “समोरचा अगदी माझ्यासारखा दिसतो” म्हणण्यातलाच हा प्रकार.

संग्राहकाने आवडीचं निवडावं, तो त्याचा हक्क आहे. संशोधकाला मात्र ती सूट नाही. मी असा अभ्यास आखला, तर एखाद्या कंपनीची, समजा बेल रेकॉर्ड्सची, १९७३ ची सगळी सिंगल्स क्रमांकाने लावेन : गाजलेली, पडलेली, दोन्ही बाजूंसकट. लेबलवर मोठा ‘ए’ असलेली डेमो प्रत आणि दुकानात विकलेली प्रत वेगळी नोंदवेन, कारण डेमो प्रत निघाली म्हणजे रेकॉर्ड लोकांपर्यंत पोचली असं होत नाही. बाजारभावाचा रकाना ठेवेन, पण तो आजच्या मागणीचा पुरावा म्हणून. १९७३ मधल्या महत्त्वाचा नव्हे.

तुमचा विषय लोकगीतं असो, दिवाळी अंक असोत की जुनी पत्रं, सिनॉप्सिस लिहिण्याआधी एवढं विचारा : ही सामग्री माझ्यापर्यंत कोणी निवडून आणली, आणि येताना काय गाळलं? याचं उत्तर तुमच्या प्रबंधात एक परिच्छेद म्हणून आलंच पाहिजे.