नकाशा आणि वाट : मुक्त-विश्व खेळांतील शीघ्रप्रवासाविषयी

प्रवासाच्या प्रत्येक कथनाला एक प्रश्न सोडवावाच लागतो : दोन स्थळांमधल्या अंतराचे काय करायचे? मराठी बखरकारांनी त्यावर 'मजल दरमजल करीत' असा तीन शब्दांचा तोडगा काढला. दोन-दोन महिन्यांची कूच या तीन शब्दांत उरकते आणि वाचकाला आपली फसवणूक झाली असे वाटत नाही. याचे कारण असे की, या संक्षेपात मजला नाहीशा होत नाहीत. त्या चाललेल्या असतात, केवळ सांगितलेल्या नसतात. सैन्य दमलेले असते, दाणागोटा संपलेला असतो, पावसाळा जवळ आलेला असतो आणि पुढच्या प्रसंगावर या साऱ्याची छाया पडते. निवेदक अंतर वगळतो, परंतु पात्राला ते वगळता येत नाही.

गेल्या तीन-चार दशकांत आकाराला आलेल्या व्हिडिओ गेम या कथनप्रकाराने नेमकी हीच मर्यादा ओलांडली आहे. त्यातील भूमिकाप्रधान आणि मुक्त-विश्व म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळांत खेळणाऱ्याला एक पात्र आणि एक विस्तीर्ण प्रदेश दिला जातो. डोंगर, नद्या, गावे, पडकी देवळे यांतून कोणत्याही दिशेने जाण्याची मोकळीक असते. त्याचबरोबर 'फास्ट ट्रॅव्हल' नावाची एक सोयही दिली जाते. तिला येथे शीघ्रप्रवास म्हणू. नकाशा उघडायचा, गावाच्या खुणेवर बोट ठेवायचे. क्षणभर पडदा काळा होतो आणि पात्र त्या गावात उभे असते. येथे अंतर निवेदक वगळत नाही, प्रवासीच वगळतो. ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही.

या सोयीविषयीचा वाद बहुधा वेळ आणि कंटाळा या दोन मुद्द्यांभोवती फिरतो. एका पक्षाच्या मते चालत गेल्याशिवाय त्या जगात मुरता येत नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते एकदा पाहिलेला रस्ता दहादा तुडवण्यात काही अर्थ नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला वादाचा तिसराच पैलू अधिक महत्त्वाचा वाटावा, आणि तो म्हणजे भाषेचा. शीघ्रप्रवास आला की खेळातील जगाला स्वतःची वाट शब्दांत सांगण्याची गरज राहत नाही.

'एल्डर स्क्रोल्स' या अमेरिकन खेळमालिकेचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिच्यातील 'डॅगरफॉल' (१९९६) या खेळाचा प्रदेश जवळजवळ ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचे सांगितले जाई. तो बहुतांशी गणिती पद्धतीने, यंत्राकडून निर्माण केलेला होता. त्यात पायी चालणाऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नसे. एक माळ संपला की तसाच दुसरा माळ. तेथे शीघ्रप्रवास अपरिहार्य होता आणि तो काहीसा बखरीच्या पद्धतीनेच योजला होता. सावधपणे जायचे की बेफिकिरीने, मुक्काम धर्मशाळेत करायचा की उघड्यावर, हे आधी ठरवावे लागे. त्याप्रमाणे दिवस मोजले जात आणि कामगिरीला मुदत असल्यामुळे त्या दिवसांना किंमत असे. मजला अदृश्य होत्या, पण हिशेबात होत्या.

त्यानंतरचा 'मॉरोविंड' (२००२) हा या प्रकारातला सर्वांत विचारपूर्वक रचलेला खेळ म्हणावा लागेल. त्याचे बेट अवघ्या काही चौरस मैलांचे आहे. धुके दाट, डोंगर मध्ये येणारे, पायवाटा वळणावळणाच्या. नकाशावर बोट ठेवून कोठेही जाता येत नाही. जलद जायचे असेल तर प्रचंड कीटकाच्या पोकळ कवचात बसून जाण्याचे वाहन आहे, नावा आहेत, मांत्रिकांच्या संघाचे ठरावीक अड्डे आहेत. प्रत्येकाचे मार्ग ठरलेले. एका गावाहून दुसऱ्या गावी थेट जाता येतेच असे नाही. मध्ये उतरून दुसरे वाहन धरावे लागते. एस.टी.च्या स्थानकावर गाडी बदलण्याचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. येथे वेग आहे, पण तो त्या जगाच्या आतला आहे. त्याला भाडे आहे, थांबे आहेत, गाडीवान आहे.

आणि जेथे वाहन पोहोचत नाही तेथे माणसाला विचारावे लागते. पहिलीच कामगिरी अशी आहे की, बालमोरा नावाच्या गावी जायचे आणि तेथील एका पानगृहात विशिष्ट गृहस्थाची चौकशी करायची. म्हणजे खेळाचा आरंभच वाट विचारण्यापासून होतो. पुढे प्रत्येक जण आपापल्या परीने खुणा सांगतो : पूल ओलांडा, नदी डाव्या हाताला ठेवा, दोन खडकांमधून वर चढा, मग दार दिसेल. या खुणा रोजनिशीत लिहिल्या जातात आणि प्रवासी त्या पुन्हा पुन्हा वाचत चालतो. क्वचित सांगणारा चुकतो, दिशेची गल्लत होते, आणि प्रवासी भलत्याच गुहेत शिरतो. तो रचनेतला दोष आहे हे खरे. पण वाट सांगणाऱ्या कोणत्याही माणसाचा तो दोष असतो, आणि म्हणून तो खटकूनही परका वाटत नाही.

मराठी गद्याला ही भाषा नवी नाही. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त श्रीचक्रधरांच्या संचारातील गावे आणि स्थाने नोंदलेली आहेत. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या उत्तरेस काय, दक्षिणेस काय, वसतीचे स्थान नेमके कोठे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त घटना आहेत; 'स्थानपोथी'त घटना जवळजवळ नाहीत, फक्त ठिकाणे आणि दिशा आहेत. तरीही तो रूक्ष ग्रंथ भाविकाच्या हाती नकाशाचे काम करतो, आणि शब्दांचाच असल्यामुळे नकाशाहून थोडे अधिकही करतो. त्यातली दिशा ही उभ्या असलेल्या माणसाची दिशा असते.

'ऑब्लिव्हियन' (२००६) या पुढच्या खेळात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. मोठी शहरे पहिल्यापासून नकाशावर खुली झाली, आणि ध्येय कोठे आहे ते दाखवणारा बाण होकायंत्रावर आला. तिसऱ्या गोष्टीकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. 'मॉरोविंड'मधील बहुतेक संवाद वाचायचे होते. 'ऑब्लिव्हियन'मध्ये सारे संवाद नटांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले. मुद्रित आवाज महाग असतो. पूल आणि खडक यांची लांबण मुद्रित करण्याऐवजी 'नकाशावर खूण केली आहे' एवढे म्हटले की काम भागते. 'स्कायरिम' (२०११) येईपर्यंत ही सवय इतकी पक्की झाली की, बाण बंद केल्यास कित्येक ठिकाणे सापडणे अशक्य व्हावे. रोजनिशीत फक्त जा, आण, मार एवढाच आशय उरलेला. शीघ्रप्रवास आवडत नसेल तर वापरू नका, असे त्याचे समर्थक म्हणतात. पण चालणाऱ्याला आधार देणारी भाषाच काढून घेतल्यावर चालण्याचे स्वातंत्र्य देणे हे औदार्य फारसे कामाचे नाही.

नकाशा आणि सांगितलेली वाट यांतील हा ताण खेळांनी निर्माण केलेला नाही. त्याचे एक ठळक उदाहरण आजच्या चेन्नईत, त्या काळच्या मद्रासेत सापडते. १८०२ च्या एप्रिल महिन्यात विल्यम लॅम्बटन याने सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीची पहिली आधाररेषा आखण्यास घेतली. सुमारे साडेसात मैलांची ती रेषा पोलादी साखळीने मोजायला ५७ दिवस लागले. आज त्या टेकडीजवळ मेट्रोचे स्थानक आहे आणि तेवढे अंतर काही मिनिटांत कापले जाते. त्याच काळात मद्रास इलाख्यातच कॉलिन मॅकेन्झी हा दुसरा मोजणी अधिकारी वेगळ्या मार्गाने तोच प्रदेश समजून घेत होता. त्याचे देशी साहाय्यक गावोगाव हिंडून देवळांची, घराण्यांची, गावांची हकीकत विचारत आणि कैफियती लिहून आणत. त्या संग्रहातील देशी भाषांमधील हस्तलिखितांचा मोठा भाग, त्यात मराठीही, चेन्नईच्या शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात आहे. एकाने प्रदेश साखळीने मोजला, दुसऱ्याने तो विचारून घेतला. राज्यकारभाराला दोन्ही हवे होते. परंतु उत्तरकाळात राज्य केले ते त्रिकोणांनी.

लॅम्बटनची दुर्बीणयुक्त कोनमापक यंत्रणा, म्हणजे थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाची होती. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या शिखरावर ती चढवताना निसटली, आदळली आणि तिचे चक्र वाकले. तेव्हा तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी होते आणि याच बृहदीश्वराच्या भिंतीवर पाच वर्षांपूर्वी, १८०३ मध्ये, भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला होता. खाली भिंतीवर वाचायचा इतिहास आणि वर शिखरावर कोन मोजणारे यंत्र, असे ते दृश्य आहे. आजच्या मुक्त-विश्व खेळांत उंच मनोऱ्यावर चढले की भोवतालचा नकाशा उलगडतो. 'असॅसिन्स क्रीड'ने (२००७) रूढ केलेला हा संकेत पुढे इतका वापरला गेला की त्याची चेष्टा होऊ लागली. मनोरा चढण्याचे मोल लॅम्बटनला ठाऊक होते. हे यंत्र त्याने स्वतः दुरुस्त केले आणि तो उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ मध्ये वर्ध्याजवळ हिंगणघाट येथे, मोजणी चालू असतानाच त्याचे निधन झाले. ज्याने नकाशा केला तो सर्वांत अधिक चालला, आणि त्या नकाशामुळे पुढच्यांचे चालणे कमी झाले. खेळ रचणाऱ्यांचीही तीच गत असावी.

'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) या जपानी खेळाने मनोऱ्याच्या संकेतात एक सूक्ष्म बदल केला. मनोरा चढल्यावर डोंगर-दऱ्या दिसू लागतात, पण खुणा दिसत नाहीत. काय पाहण्याजोगे आहे ते प्रवाशाने स्वतः शिखरावरून न्याहाळायचे आणि स्वतःची खूण रोवायची. शीघ्रप्रवास त्यातही आहे, भरपूर आहे. परंतु तो पाहिल्यानंतरचा आहे.

चालण्याच्या समर्थकांचा एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. चालणे म्हणजे आपोआप अनुभव नव्हे. कित्येक खेळांतील दीर्घ रस्ते हे पृष्ठसंख्या वाढवण्यासाठी लिहिलेल्या कादंबरीतील निसर्गवर्णनांसारखे असतात. शिवाय, दिवसभराच्या नोकरीनंतर खेळायला तासभर उरलेल्या माणसाला रिकाम्या माळावर अर्धा तास चालायला लावणे हा काही कलेचा आग्रह नव्हे. एस.टी.ने पंढरपूरला गेलेल्याचे दर्शन खोटे ठरत नाही. मात्र त्याला कोणी वारी म्हणत नाही, आणि स्वतः तोही म्हणत नाही. चेन्नईहून वेळांकण्णीच्या यात्रेला पायी जाणारे भाविक दरवर्षी रस्त्याने दिसतात, त्याच रस्त्याने बसगाड्याही जातात. दोघांना एकमेकांचा हेवा वाटत नाही, कारण आपण काय घेतले आणि काय सोडले हे दोघांनाही माहीत असते. खेळांतील शीघ्रप्रवासात हेच भान सुटते. 'स्कायरिम'मध्येही नकाशावर बोट ठेवले की घड्याळ काही तास पुढे सरकते. पण बहुतेक कामांना मुदतच नसल्याने त्या तासांनी कोणाचे काही बिघडत नाही.

किंमत कशी लावता येते याची दोन अलीकडची उदाहरणे आहेत. 'ड्रॅगन्स डॉग्मा २' (२०२४) मध्ये गावांदरम्यान चक्क बैलगाडी चालते. तीत बसून डोळे मिटले तर मुक्कामाला जाग येते, किंवा वाटेत दरोडा पडून गाडी मोडते आणि उरलेली वाट पायी चालावी लागते. प्रवास कंटाळवाणा वाटत असेल तर दोष प्रवासाचा नसून खेळाचा आहे, असे या खेळाच्या दिग्दर्शकाचे, हिदेआकी इत्सुनो यांचे म्हणणे. विसंगती अशी की, दूरस्थानी क्षणात पोहोचवणारा एक स्फटिक प्रकाशनाच्या वेळीच वेगळे पैसे आकारून विकायला ठेवला होता. दिग्दर्शकाने अंतराला अर्थ दिला आणि दुकानाने त्याला भाव लावला.

'डेथ स्ट्रँडिंग' (२०१९) हा खेळ थोड्या वेगळ्या पंथाचा आहे. त्याचा नायक पाठीवर ओझे घेऊन चालणारा हरकाऱ्या. तोल सांभाळणे हाच त्यातला मुख्य पराक्रम. त्यात शीघ्रप्रवास आहे, पण एका अटीवर : स्वतः जाता येते, ओझे नेता येत नाही. ही अट वाचताना विष्णुभट गोडसे यांचे स्मरण व्हावे. १८५७ मध्ये वरसईहून निघालेले गोडसे भटजी बंडाच्या धामधुमीतून, झाशीच्या वेढ्यातून, लुटले जाऊन अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. त्यांच्या 'माझा प्रवास'ला गती आहे ती या कावडीमुळे. नुसते घरी पोहोचायचे असते तर पुस्तकाचा उत्तरार्ध दोन पानांत संपला असता.

वाट सांगण्याच्या भाषेकडे मात्र खेळ फार क्वचित परतले आहेत. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'ने (२०१८) एक पर्यायी पद्धत ठेवली. तीत बाण दिसत नाही. काम सांगणारा माणूस अमुक प्रांतात, तमुक गावाच्या दक्षिणेस, नदीकाठी अशा खुणा देतो आणि नकाशा पाहून जागा ओळखावी लागते. मनोऱ्यांचा संकेत रूढ करणाऱ्याच मालिकेने हे करावे हे लक्षणीय आहे. या खुणा साचेबंद आहेत, साऱ्यांच्या तोंडी एकाच कारकुनाने घातल्यासारख्या. मेंढपाळ आणि सावकार एकाच पद्धतीने वाट सांगतात, आणि कैफियती लिहून घेणाऱ्या कोणाही साहाय्यकाला असे आढळले नसते.