दीर्घ कथेंतील सातत्य

कथा लांबली म्हणजे ती अखंड राहतेच असें नाहीं. व्हिडिओ गेम हा शब्द कानीं पडतांच आमचे साहित्यप्रेमी मित्र मान फिरवितात. परंतु ज्या जपानी खेळांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन पन्नास-पन्नास तास एकच कथानक आक्रमितो, त्यांनीं सातत्याचा हा जुना प्रश्न नव्यानें उभा केला आहे. टीकाकारानें तो टाळूं नये.

१९८७ सालीं सुरू झालेल्या ‘फायनल फॅन्टसी’ मालिकेच्या बहुतेक मुख्य भागांत जग नवें व पात्रेंहि नवीं असतात. नांव आणि कांहीं खुणा तेवढ्या जुन्या. निहोन फाल्कॉम या कंपनीच्या ‘ट्रेल्स’ मालिकेनें २००४ पासून उलट मार्ग धरला. झेमुरिया हें एकच खंड, कालगणनाहि एकच. एका भागांतील माणसें पुढील भागांत वयानें वाढलेलीं भेटतात. कथानक एक पाऊल सरकलें कीं गांवांतल्या दुकानदाराचें बोलणेंहि बदलतें. नायकाची आठवण कोणीहि ठेवील. दुय्यम माणसांची ठेवणें हें सातत्याचें खरें लक्षण होय.

आम्हां वऱ्हाडकरांस हें लक्षण परकें वाटूं नये. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रां’त आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर व लोणार हीं स्थळें येतात. त्यांतील लीळा लहान व सुट्या आहेत. तरी ग्रंथ विस्कळित होत नाहीं, कारण बाइसा, महदाइसा, भटोबास हीं माणसें आपापल्या स्वभावासह पुनःपुन्हां भेटतात. मूळ पोथी हरवल्यावर अनुयायांनीं ती स्मरणानें पुन्हां सिद्ध केली, असें परंपरा सांगते. या स्मरणाच्या मुळाशीं वियोग आहे. स्वामी उत्तरापंथें निघून गेले, म्हणूनच त्यांचा शब्द न् शब्द वेंचून ठेवण्याची निकड उत्पन्न झाली.

‘ट्रेल्स’चें उणें येथेंच दिसतें. पहिल्या भागाच्या अखेरीस जोशुआ हा एस्टेलला सोडून रात्रीं निघून जातो. २००६ चा दुसरा भाग त्या वियोगावर उभा आहे, व म्हणूनच तो हृदयास भिडतो. पुढें लेखकांचें धैर्य खचलें. २०१७ च्या भागाच्या शेवटीं राजपुत्र ऑलिव्हर्टचें हवाई जहाज आकाशांत फुटतें; २०१८ च्या भागांत तो सोबत्यांसह जिवंत परततो. लोकप्रिय पात्रें गमावल्यास पुढील भाग कोण घेणार, असें कोणी विचारील. परंतु मृत्यु टळणारच हें एकदां उमगलें कीं खेळणाऱ्याची काळजी सुटते, आणि एवढ्या निगुतीनें राखलेली कालगणना निव्वळ नोंदवही होऊन बसते.

आमचे विद्यार्थी हे खेळ खेळतात; उद्यां त्यांतील कांहीं कथाहि लिहितील. दुय्यम माणसांस न विसरण्याची चिकाटी त्यांनीं या मालिकेपासून अवश्य घ्यावी. गेलेला तो गेला, असें म्हणण्याचें धैर्य मात्र म्हाइंभटांपासून शिकावें.