'आहेत' आणि 'असावेत' : अवकाश-कचऱ्याच्या मराठीविषयी

२ एप्रिल २०२२ रोजी सायंकाळी विदर्भाच्या आकाशात जळत्या रेषा दिसल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी येऊन पडली. परिसरात गोलाकार टाक्याही सापडल्या. दिसले त्याला प्रथम 'उल्का' म्हटले गेले, मग 'उपग्रहाचे तुकडे'. त्याच दिवशी न्यूझीलंडमधून सुटलेल्या इलेक्ट्रॉन या अग्निबाणाकडेही बोट दाखविले गेले. पुढे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेच्या नोंदींवरून निराळी ओळख सुचविली : फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या लाँग मार्च ३ बी या अग्निबाणाचा तिसरा टप्पा नेमका त्या वेळी वातावरणात परतत होता. नावे बदलत गेली यात वावगे काही नाही. वावगे हे की, बघ्याचा तर्क आणि नोंदींचा मेळ घालून काढलेला निष्कर्ष हे दोन्ही मराठीत बहुधा एकाच 'आहे'ने सांगितले जातात.

या विषयावरील मराठी लेखनाचा हाच मुख्य दोष होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 'कचरा' या शब्दाविषयी तक्रार करणारे पुष्कळ आहेत; ती तक्रार गौण आहे. एवढे मात्र खरे की, तो समूहवाचक शब्द असल्यामुळे मोजता येत नाही. 'पाच कचरे' असे कोणी म्हणत नाही. मोजणी सुरू होताच 'तुकडे' वा 'वस्तू' म्हणावेच लागते.

आता आकडे पाहू. युरोपीय अवकाश संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार सुमारे ४०,००० वस्तूंचा माग ठेवला जातो; त्यांपैकी सुमारे ११,००० कार्यरत उपग्रह आहेत. त्याच अहवालात १० सेंटिमीटरहून मोठ्या वस्तू ५०,००० च्या वर आणि १ सेंटिमीटरहून मोठ्या वस्तू १२ लाखांच्या वर सांगितल्या आहेत. पहिली संख्या नोंदवहीची आहे : तीतील प्रत्येक वस्तू रडारने वा दुर्बिणीने पुनःपुन्हा पाहिलेली असते व तिची कक्षा ठाऊक असते. उरलेल्या दोन संख्या प्रतिमानातून आलेल्या आहेत. मॅसॅच्युसेट्समधील हेस्टॅक रडार आकाशातील एका दिशेवर स्थिर ठेवून शलाकेतून जाणारे बारीक तुकडे मोजतात. कोणता तुकडा पुन्हा केव्हा येईल हे त्यावरून कळत नाही, परंतु किती जातात याचा हिशेब मिळतो. १९८४ मध्ये कक्षेत ठेवून १९९० मध्ये परत आणलेल्या एका प्रयोगयानाच्या पृष्ठावरील हजारो खळग्यांवरून त्याहूनही सूक्ष्म कणांचा अंदाज बांधता आला. ज्ञात स्फोटांची व टकरींची गणना यांत मिळवून प्रतिमान सिद्ध होते. डहाणू तालुक्यातील चिखले येथील किनाऱ्यावर भरतीने टाकलेल्या वस्तू वेचून समुद्रात काय किती वाहत असेल याचा अदमास करावा, त्यातला हा प्रकार. किनाऱ्यावरचे मोजलेले असते, समुद्रातले नसते.

'कक्षेत १२ लाख तुकडे आहेत' असे लिहिणारा लेखक दोन निरनिराळ्या प्रकारचे ज्ञान एका क्रियापदात कोंबतो. हे केवळ व्याकरणाचे प्रकरण नव्हे. टकरीची सूचना देता येते ती नोंदवहीतील वस्तूंपुरतीच. बाकीच्यांपासून चुकविणे शक्य नसते, कवच असेल तेवढेच रक्षण. वाचकाला सगळेच 'आहेत' म्हणून सांगितल्यावर सगळ्यांवर पहारा आहे असा त्याचा समज झाला, तर त्याला दोष कसा द्यावा?

आणि ही अडचण मराठीला मुळीच नाही, हे विशेष. आपल्या व्याकरणकारांनी विध्यर्थाच्या अर्थांत 'तर्क' ही छटा केव्हाच नोंदविली आहे. 'तुकडे असतील' यात नुसती अटकळ आहे. 'तुकडे असावेत' यात पुराव्यावरून केलेले अनुमान आहे. प्रतिमानातून निघालेल्या संख्येला याहून नेमके रूप कोणते मिळणार? तरीही आपले विज्ञानलेखक ते टाळतात. 'असावेत' लिहिले की लेखक साशंक दिसतो, अशी त्यांची भीती असावी.

भविष्यकाळाचेही तेच. २७ मार्च २०१९ रोजी भारताने सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, तेव्हा तुकडे ४५ दिवसांत पडून नष्ट होतील असे सांगण्यात आले. आघाताने काही तुकडे बऱ्याच वरच्या कक्षेत उडाले, आणि त्यांतील काही वर्षाहून अधिक काळ फिरत राहिले. 'बहुतेक पडावेत' हे विधान टिकले असते.

परतणाऱ्या अग्निबाणांच्या बाबतीत तर उरलेल्या काळाच्या पंचमांशापर्यंत चूक संभवते. पाच तास आधी केलेल्या भाकितात एक तासाची चूक धरावी लागते, आणि एका तासात असा अग्निबाण सुमारे २८,००० किलोमीटर जातो. लाडबोरीची कडी पडण्यापूर्वी पाच तास कोणी 'विदर्भावर पडू शकेल' असे लिहिले असते, तर ते विधान खरे ठरले असते. मात्र वाटेतल्या कित्येक देशांनाही ते तितकेच लागू पडले असते.