बदलापूर प्रकरण आणि शासकीय प्रतिसाद

धर्मसंस्थांच्या शाळांत पूर्वी झालेल्या बालछळाच्या चौकशीसाठी आयर्लंडने २००० साली आयोग नेमला. त्याच्या २००९ च्या अहवालाने व्यक्तींबरोबर संस्थांच्या मौनाचीही झडती घेतली. बदलापूरचे प्रकरण त्या जातीचे नव्हे. तथापि शासनास कसोटी तीच लावावी लागते.

ऑगस्ट २०२४ मध्ये दोन बालिकांवरील अत्याचाराची फिर्याद नोंदविण्यास विलंब झाला. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे अडविली, तेव्हा विशेष तपास पथक आले व पाठोपाठ शाळांना कॅमेऱ्यांची सक्ती झाली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मृत्यू पावला आणि त्याच्यावरील खटलाही तेथेच थांबला. उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीचे कार्यही पुढील सुरक्षिततेपुरतेच होते.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा न कळविणे दंडनीय ठरविले. म्हणजे मौन हा अपराध मानला. परंतु जुन्या मौनाचा शोध घेणारे पीठ आपल्याकडे नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे शिकून आज प्रौढ झालेल्या कोणास बालपणीचा अत्याचार सांगावयाचा असल्यास पोलीस व न्यायालय हेच मुख्य मार्ग आहेत. कॅमेऱ्यास भूतकाळ दिसत नाही. त्यासाठी ऐकून घेणारा आयोगच हवा.